घाटावरचा फलक

उमरेडहून पूर्वेला निघालं की भिवापूर लागतं, पुढे पवनी, आणि पवनीला वैनगंगा आडवी येते. कुहीच्या अंगानं गेलं तर तीच नदी आंभोऱ्याला भेटते. उमरेडची आम नदीही तिथंच जाऊन तिला मिळते. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचं पाणी आंभोऱ्याला एकत्र येतं. चैतन्येश्वराचं देऊळ तिथं आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथंच लिहिला, असं विदर्भातले अनेक अभ्यासक आग्रहानं मांडत आले आहेत. थोडक्यात, माणसाची ये-जा इथं फार जुनी, आणि ती बरीचशी पाण्यावरून होणारी. नदीवर पूल ही या टापूतली अलीकडची गोष्ट आहे.

बोटीतून माणूस कसा न्यावा याचे कायदे मात्र अलीकडचे नाहीत. ते इथं दीडशे वर्षांहून जास्त काळ आहेत. आणि गेल्या दहा वर्षांत विदर्भाच्या पाण्यानं बोटीतली जी माणसं घेतली, ती त्या कायद्यांत पहिल्यापासून लिहिलेल्या कारणांनीच घेतली. कायदा होता, कारण ठाऊक होतं, आणि माणसं गेली. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर जुन्या घाटापासूनच सुरुवात करावी लागते.

उमरेड हे कोष्ट्यांचं गाव. इथली रेशीमकाठी धोतरं एके काळी दूरवर नावाजलेली होती. भिवापूरची मिरची तर आजही नावाजलेली आहे. या भागातून पूर्वेला काहीही न्यायचं म्हटलं की वैनगंगा ओलांडणं आलं. उन्हाळ्यात वाळूतून गाडी हाकता येई, पावसाळ्यात आणि पुढे हिवाळाभर डोंगा लागे. डोंगा म्हणजे एका जाड खोडाचं पोट कोरून केलेली नाव. तळ गोलसर, रुंदी बेताची. त्यामुळे माणूस उभा राहिला की डोंगा लगेच डुलतो, आणि नावाड्याचा पहिला हुकूम असतो, ‘खाली बसा.’ ओझं जास्त असलं तर दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून वर बांबूंचा ताटवा टाकत. रुंदी वाढली की डुलणं कमी होतं, एवढं साधं तत्त्व त्यामागे आहे, आणि आज पर्यटनाच्या मोठ्या दुहेरी तळाच्या बोटी त्याच तत्त्वावर चालतात.

हे डोंगे हाकणारे बहुतेक ढिवर. मासेमारी, तलावातला शिंगाडा आणि नदीचा उतार हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहून येऊ लागला की वरच्या अंगाला पाऊस झाला आहे हे ते ओळखत आणि डोंगा काठाला ओढून ठेवत. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण होतं पक्कं. पुढच्या सगळ्या इतिहासात त्या ज्ञानाचं काय झालं, याकडे मला लक्ष वेधायचं आहे.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाला आणि त्यानंतर लवकरच रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून नागपुरात आला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि नागपूर-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. हा कापूस समुद्रापर्यंत पोचवायचा कसा? खाली आंध्रात धवळेश्वरमला आर्थर कॉटननं गोदावरीवर मोठा बंधारा बांधून नाव कमावलं होतं. गोदावरीतून वर प्राणहितेत, तिथून वर्धा नदीत आणि थेट हिंगणघाटच्या बाजारापर्यंत आगबोटी आणायच्या, असं स्वप्न त्यानं आणि त्याच्या पाठीराख्यांनी रंगवलं.

ते नुसतं कागदावर राहिलं नाही. कामं खरोखर सुरू झाली. नदीची वाट तीन ठिकाणी खडकांनी अडवली होती. पहिला अडथळा दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या हद्दीवर. या खडकांच्या बाजूनं कालवे आणि दारं करून बोटी वर चढवायच्या होत्या. हेग नावाचा लष्करी इंजिनिअर त्यात वर्षानुवर्षं खपला. सिरोंचाला ‘अपर गोदावरी’ नावाच्या वेगळ्या जिल्ह्याचं ठाणं झालं. पण नदीचा स्वभाव कोण बदलणार? पावसाळ्यात ती आवरत नव्हती आणि उन्हाळ्यात बोटीला पुरेसं पाणी तिच्यात उरत नव्हतं. मधल्या काळात, १८६७ साली, रेल्वे नागपूरला येऊन पोचली. कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. १८७१ मध्ये गोदावरीच्या कामांना कायमचं कुलूप लागलं.

हा प्रसंग विदर्भात फारसा कोणाला आठवत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण ती योजना तडीस गेली असती तर बोटी तपासणारे, नावाड्यांची परीक्षा घेणारे, नदीतल्या खुणा लावणारे अधिकारी हिंगणघाटला आणि चांद्याला बसले असते. तसं झालं नाही. नौकानयनाचं सगळं सरकारी शहाणपण समुद्रकाठी राहिलं. विदर्भाच्या वाट्याला फक्त घाट राहिले, आणि घाटाकडे सरकारनं पाहिलं ते उत्पन्नाच्या नजरेनं.

दंडाचा कायदा तेवढा सगळ्यांना सारखा होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत पाण्यावरच्या गुन्ह्यांची तीन कलमं लागोपाठ आली. कलम २८० बेदरकारपणे नौका हाकण्याबद्दल. कलम २८१ खोटा दिवा दाखवून जहाजाची दिशाभूल करण्याबद्दल. आणि कलम २८२ आपल्या घाटाचं: भाडं घेऊन माणसाला पाण्यावरून नेताना नाव जर जिवाला धोका होईल अशा अवस्थेत असेल किंवा तितकी भरलेली असेल, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. नाव फुटकी असणं आणि नाव जास्त भरणं हे दोन्ही गुन्हे एकाच वाक्यात. १८६० सालच्या हजार रुपयांचं मोल काय असेल याची कल्पना करावी. तो आकडा २०२४ पर्यंत हजारच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हे कलम २८४ झालं आणि दंडाची मर्यादा पाच हजारांवर गेली. कैद तेवढीच.

दंड संहिता आली त्यानंतरच्या काळात इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसोल हा खासदार एकाच गोष्टीसाठी भांडत होता. विमा उतरवलेली जुनाट जहाजं मालक वाट्टेल तितकी भरतात, जहाज बुडालं तर मालकाला पैसे मिळतात आणि खलाशी मरतात, हे त्यानं संसदेत आणि बाहेर ओरडून सांगितलं. १८७६ च्या कायद्यानं जहाजाच्या अंगावर भाराची रेघ काढणं सक्तीचं झालं. आज जगभर ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. काठावर उभ्या असलेल्या कोणाही माणसाला, अक्षर न वाचता, जहाज जास्त भरलं आहे की नाही हे तिच्यामुळे समजू लागलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, हिंदुस्थान सरकारनं उत्तर हिंदुस्थानचा फेरी कायदा केला. मध्यप्रांत त्याच्या हद्दीत होता, म्हणजे वैनगंगेचे घाटही. हा कायदा नीट वाचण्यासारखा आहे. सरकारी घाटाचा लिलाव कसा करायचा, ठेकेदारानं पैसे कसे भरायचे, थकले तर कसे वसूल करायचे, हे त्यात तपशीलवार आहे. सरकारी घाटापासून दोन मैलांच्या आत परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी भाड्यानं नाव चालवायची नाही, असंही आहे. यात राखली गेली ती ठेकेदाराची मिळकत. आणि एक गोष्ट सक्तीची केली आहे: उतारूंकडून घ्यायच्या दरांचा तक्ता देशी भाषेत घाटाजवळ ठळक जागी टांगला पाहिजे.

एका नावेत किती माणसं, किती जनावरं, किती वजन न्यायचं, नावेचा आकार काय, तिच्यावर माणसं किती हवीत, सामान काय हवं, याचे नियम करण्याचा अधिकारही त्याच कायद्यात सरकारला दिलेला आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला धोका पुरेपूर ठाऊक होता. फरक एवढाच की दराचा फलक घाटावर लावायचं कायद्यानंच सांगितलं, आणि माणसांच्या संख्येचा प्रश्न नियम करणाऱ्यावर सोपवला. घाटावर येणाऱ्या बाईला, शेतमजुराला, बाजाराला निघालेल्या कोष्ट्याला डोंग्याचं भाडं वाचता किंवा विचारता येत होतं. डोंग्यात किती जणांनी बसायचं हे विचारण्याचा हक्क त्याला कोणत्या फलकानं दिला नाही. माझ्या मते पुढची सगळी गोष्ट या फरकातून निघते.

समुद्रावरही सगळं आलबेल नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. १७ जुलै १९४७ ला सकाळी ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. गटारी अमावास्येचा दिवस, गावी जाणाऱ्यांची गर्दी. निघून जेमतेम अर्धा तास झाला असेल, तोच काशाच्या खडकाजवळ ती वादळात सापडली. लाटेच्या माऱ्यानं भेदरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट कलंडली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, म्हणून एवढं मोठं आक्रीत घडल्याची खबर मुंबईला दुपार उलटून गेल्यावर, पोहून किंवा तरंगत आलेल्यांच्या तोंडून कळली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. कोकणात अजून घराघरांत ही आठवण सांगतात. ‘रामदास’सारख्या बोटीला निदान तपासणीचा दाखला लागत होता. १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा यंत्रावर चालणाऱ्या नौकांपुरता होता, त्यामुळे वल्ह्याचा डोंगा आणि वल्ह्याची नाव त्याच्या बाहेर राहिली. वैनगंगेवर तर जवळजवळ सगळ्याच नावा वल्ह्याच्या.

स्वातंत्र्यानंतर नदीवर पूल झाले. पूल झाला की घाटाचा ठेका संपायचा, ठेकेदार जायचा, आणि त्याच्याबरोबर घाटावर येणारा सरकारी माणूसही जायचा. ज्या गावांना पूल मिळाला नाही तिथं डोंगा चालूच राहिला, पण कोणाच्या वहीत नसलेला डोंगा. त्यावर आता सायकली, पुढे मोटरसायकली आडव्या ठेवून नेऊ लागले. मोटरसायकल शंभर-सव्वाशे किलोची, तिचं वजन वर आणि एका बाजूला. तिच्याभोवती माणसं उभी. जुन्या ढिवराच्या ‘खाली बसा’ला आता जागाच उरली नाही.

दुसरीकडे धरणं झाली. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पवनीजवळ गोसीखुर्दची पायाभरणी झाली. तेहतीस दारांचं हे धरण भरत गेलं तसं वैनगंगेचं पाणी आंभोऱ्याच्याही वर सरकलं. कुही, भिवापूर आणि भंडाऱ्याकडची कित्येक गावं पाण्याखाली गेली, आंभोऱ्याचा परिसर तीन बाजूंनी पाण्यानं वेढला गेला. ज्यांची शेती गेली त्यांचं दुःख हा वेगळा आणि मोठा विषय आहे. बोटीच्या दृष्टीनं सांगायचं तर नदीचं सरोवर झालं, आणि सरोवराचे धोके नदीपेक्षा निराळे. नदीत वाऱ्याला लाट उठवायला जागा नसते. धरणाच्या पसरट पाण्यावर वारा मैलोन्‌मैल मोकळा धावतो आणि वळवाच्या वेळी पाच-दहा मिनिटांत पाणी खवळतं. पाण्याखाली झाडांचे बुंधे आणि घरांच्या भिंती असतात, पातळी उतरली की त्या वर येतात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे इथंच येतं, त्यावर जलपर्णी माजते आणि इंजिनाच्या पंख्यात अडकते. ढिवरांना वाहती नदी ठाऊक होती. हे थांबलेलं पाणी त्यांनाही नवं होतं, आणि शहरातून सुटीला येणाऱ्यांना तर ते नुसतंच सुंदर दिसत होतं.

९ जुलै २०१७. रविवार. नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ वेणा नदीचं धरण आहे. वेणा म्हणजे तीच नदी, जी पुढे हिंगणघाटला जाते आणि जिच्या काठच्या बाजारापर्यंत आगबोटी आणायचं स्वप्न कॉटननं पाहिलं होतं. नागपूरची तरुण मुलं संध्याकाळी तिथं फिरायला आली होती. ती एका छोट्या नावेत बसली. नावेत एकूण अकरा जण. कोणाच्याही अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. पाण्याच्या मध्यावर मोबाइलवर चित्रण सुरू होतं, सेल्फी सुरू होत्या. नाव कलंडली. तिघे वाचले, आठ जण बुडाले.

दुसऱ्या दिवशी सगळी चर्चा सेल्फीवर झाली. मुलांना दोष देणं सोपं होतं. पण नाव का उलटते ते पाहिलं तर दोष कुठं होता ते नीट समजतं. मासे धरायच्या छोट्या नावेवर दोघं-तिघं असतात, तेव्हा तिचा काठ पाण्याच्या बराच वर असतो. अकरा माणसं म्हणजे सहाशे-सातशे किलो. एवढ्या भारानं नाव खाली बसते आणि काठ पाण्यापासून हातभरही उरत नाही. आता दोघं-तिघं फोटोसाठी उभे राहिले की सगळं वजन वर सरकतं. बाकीचे त्यांच्याकडे कलले की ते एका बाजूला जातं. काठ पाण्याला टेकतो आणि पाणी आत येतं. परातीत पाणी घेऊन चालताना ते जसं खालच्या बाजूला धावतं, तसं आत आलेलं पाणी नावेच्या कललेल्या बाजूलाच धावतं आणि तिला आणखी कलवतं. इथून पुढे कोणाच्याही हातात काही नसतं. काही सेकंदांचा खेळ. ‘रामदास’ हजाराच्या घरात माणसं वाहणारी आगबोट होती आणि वेणेवरची नाव पंधरा-वीस फुटांची असेल, पण एका बाजूला सरकलेल्या माणसांनी दोन्हींचा तोल सारखाच घालवला.

मुलांनी फोटो काढले नसते तर ती वाचली असती का? कदाचित त्या दिवशी वाचली असती. पण भरलेली नाव, अंगावर जॅकेट नाही आणि काठावर मोजणारा कोणी नाही, हे तिन्ही फोटोच्या आधीच ठरून गेलं होतं. कलम २८२ ला दीडशे वर्षं होऊन गेली होती.

चार वर्षांनी संसदेनं नवा अंतर्देशीय नौका कायदा केला. ११ ऑगस्ट २०२१ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तो अमलात यायच्या आधीच, सुमारे महिनाभरानं, १४ सप्टेंबरला, अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात वर्धा नदीवर श्रीक्षेत्र झुंज इथं नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेला एकाच गोतावळ्याचा मेळा होता. अकरा जण गेले. एका घरचं सुतक संपत नाही तोच अकरा चिता.

नवा कायदा ७ जून २०२२ पासून अमलात आला आणि १९१७ चा कायदा इतिहासजमा झाला. यात खूप काही चांगलं आहे. यंत्राच्या नौकेला सर्वेक्षणाचा दाखला, नोंदणी, चालकाला पात्रतेचं प्रमाणपत्र, विमा, दिवे आणि इशाऱ्याची साधनं, जीवरक्षक साहित्य हे सगळं लागतं. लाटेच्या उंचीप्रमाणे पाण्याचे विभाग पाडायचे, म्हणजे तलावातली बोट खाडीत नेता येणार नाही. आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, जी नाव यंत्राची नाही, जिला आजवर कोणी विचारलं नाही, तिची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत करून घेण्याची तरतूद त्यात आली. म्हणजे डोंगा पहिल्यांदाच वहीत येऊ शकतो, तोही गावातल्याच वहीत. त्याआधी, २०२१ मध्येच, राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं होतं आणि पाण्यावरच्या खेळांनाही नोंदणी लागू केली होती.

वहीत येऊ शकतो, पण आला का? जानेवारी २०२४ मध्ये आंभोऱ्याला वैनगंगेवरचा नवा केबलचा पूल खुला झाला. उंचावरची गॅलरी, पाच नद्यांचा संगम पायाखाली, नागपूरकरांची झुंबड. त्याच महिन्यात, २३ तारखेला, त्याच नदीवर खाली गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात गणपूरला बायका मिरची तोडायला पल्याड चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा जणी बुडाल्या. भिवापूर-उमरेडच्या टापूत मिरचीच्या तोड्याला बायका कशा भल्या पहाटे निघतात, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या काही सहलीला गेल्या नव्हत्या. त्यांना नाव निवडायची सोय नव्हती. मनोरंजनाची बोट आणि मजुरीची नाव यांत आपण भेद करतो, पाणी करत नाही. म्हणून नियम पर्यटनाच्या धक्क्यापासून सुरू झाला तरी तो गणपूरसारख्या घाटापर्यंत पोचलाच पाहिजे.

त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वळवाच्या वाऱ्यात सापडली आणि सहा जण गेले. धरणाच्या मोकळ्या पाण्यावरचा वारा काय करतो, ते उजनीनं दाखवलं. गोसीखुर्दचं पाणी त्याच प्रकारचं आहे.

२०२४ मध्येच गोसीखुर्दच्या जलाशयावर शंभर कोटींच्या वरच्या जलपर्यटन प्रकल्पाचं काम पुढे आलं. चांगलं आहे. धरणानं ज्यांचं सर्वस्व घेतलं त्यांच्या पोरांना त्याच पाण्यावर रोजगार मिळणार असेल तर त्यात वाईट काही नाही. पण वल्ह्याच्या नावेला न पडणारे प्रश्न वेगवान बोटींना पडतात, आणि त्यांची उत्तरं इथं अजून कोणाच्या अंगवळणी पडलेली नाहीत. दोन बोटी समोरासमोर आल्या तर काय करायचं? समुद्रावरचा टक्कर टाळण्याचा आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरला आणि १९७७ पासून लागू आहे. तो सांगतो की दोघांनीही उजवीकडे वळायचं. आपण रस्त्यावर जन्मभर डावीकडून चाललेली माणसं. उमरेडचा पोरगा ट्रॅक्टरवरून उतरून बोटीच्या सुकाणूवर बसला तर ऐन क्षणी त्याचा हात डावीकडेच जाणार, आणि समोरचा उजवीकडे वळला असेल तर दोघं एकमेकांवर आदळणार. वाट छेदणारी बोट आपल्या उजव्या हाताहून येत असेल तर तिला आधी जाऊ द्यायचं. ज्याला ओलांडून पुढे जायचं आहे त्यानं अंतर राखायचं. रात्री डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा. आणि सगळ्यांच्या वरचा नियम: डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवायचा. हे शिकायला चार दिवस लागतात, पण ते शिकवावं लागतं.

पहारा सुटला तर काय होतं, ते १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत दिसलं. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची इंजिन-चाचणी घेत असलेली वेगवान नौका येऊन आदळली. दोन्ही नौकांवरची मिळून पंधरा माणसं गेली. दिवसाढवळ्या, देशातल्या सर्वांत जागत्या बंदरात. त्यानंतर गेटवेच्या बोटींत प्रत्येक उतारूनं लाइफ जॅकेट अंगात घालणं सक्तीचं झालं. ते बाकाखाली बांधून ठेवणं पुरत नाही, कारण नाव उलटायला लागतात काही सेकंद आणि जॅकेटचे बंद बांधायला त्याहून जास्त. वेणेच्या आठ जणांना, झुंजच्या अकरा जणांना, गणपूरच्या सहा बायकांना तरंगत ठेवायला तेवढं पुरलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईतला नियम मुंबईत पाळला जातो, कारण तिथं मेरीटाइम बोर्डाचा माणूस धक्क्यावर उभा असतो. तो धक्का आंभोऱ्याहून आठशे किलोमीटरांहून लांब आहे. १८७१ साली नदीतली कामं थांबल्यावर ते शहाणपण समुद्रकाठी राहिलं ते अजून तिथंच आहे. आता कायद्यानं गावाच्या हाती वही दिली आहे, तर कुही, भिवापूर आणि पवनीच्या पंचायतींनी ती उघडावी. वहीत पहिली नावं ढिवरांची असावीत, आणि वेगवान बोटींवर चालक म्हणून शिकवून तयार करायचे तेही त्यांच्यातलेच असावेत, कारण वैनगंगेचं पाणी त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

आणि फलक १८७८ सालासारखाच लावावा, ठळक जागी, मराठीत. सर्वांत वर, दुरून दिसेल एवढ्या आकड्यात, या नावेत किती माणसं. तोच आकडा नावेच्या अंगावर, आणि त्याच्या खाली भाराची रेघ, अक्षर न येणाऱ्यालाही दिसेल अशी. मग नोंदणीचा क्रमांक, दाखल्याची मुदत, चालकाचं नाव. जॅकेट घातल्याशिवाय नाव सुटणार नाही, नावेत कोणी उभं राहायचं नाही, ढग दाटले किंवा धरणाचा भोंगा वाजला की नाव काठाला, हे तीन हुकूम. तक्रार कोणाकडे करायची तो फोन नंबर. भाडं सगळ्यात खाली.